साप ओळखा, पण ओळखीवरून भांडू नका

पेरण्या उरकतात, सोयाबीन गुडघ्याला लागते, रात्रीची वीज जाऊ-येऊ लागते आणि मुरुडच्या माझ्या दवाखान्यात दरवर्षी दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. पहिली, साप चावलेली किंवा चावला असे वाटणारी. दुसरी, सापाचे नाव विचारायला येणारी. कोणी मोबाइलमध्ये फोटो आणतो, कोणी बरणीत मेलेले पिल्लू आणतो, तर कोणी नुसतेच "हातभर होता, काळाकुट्ट होता" एवढे वर्णन आणतो.

ही दुसऱ्या प्रकारची माणसे वाढत आहेत, ही मला आनंदाची गोष्ट वाटते. आमच्या लहानपणी साप निघाला की काठी निघत असे. आता सर्पमित्राला फोन जातो. शाळा-कॉलेजातली मुले सापांची नावे पाठ सांगतात. मात्र या वाढत्या आवडीबरोबर वादही वाढले आहेत. हा साप कवड्या की मण्यार, यावरून चांगली मित्रमंडळी एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात. हौशी माणसांतला हा वाद म्हणून सोडून देता आला असता. पण कधी कधी त्या वादाच्या शेजारीच रुग्ण बसलेला असतो. म्हणून या आठवड्यात आरोग्याच्या या सदरात सापांच्या ओळखीविषयी, आणि ती ओळख कशी सांगावी याविषयी लिहितो आहे.

ओळख कशासाठी?

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक बिनविषारी किंवा माणसाला विशेष अपाय न करणाऱ्या आहेत. आपल्या लातूर, धाराशिव, नांदेड भागात माणसाचा जीव घेणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सरकारी रुग्णालयात मिळणारे प्रतिसर्पविषाचे इंजेक्शन याच चार सापांच्या विषांवर चालते. या सापांचे विष थोडे थोडे करून घोड्यांना टोचतात आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून हे औषध बनवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामासाठी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. चारही विषांवर औषध एकच असल्यामुळे सापाचे नाव कळेपर्यंत डॉक्टरला थांबावे लागत नाही. आम्ही रुग्णाकडे पाहतो. पापण्या जड झाल्या आहेत का, गिळता येते का, दंशाची जागा सुजते आहे का, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाते आहे का, हे तपासतो. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतो. रक्त गोठले नाही तर विषाने रक्तावर परिणाम केला आहे असे समजतो. उपचार ठरतात ते या लक्षणांवरून. म्हणूनच "साप कोणता ते आधी ठरवू, मग दवाखान्यात जाऊ" हा विचार घातक आहे.

मग ओळखीचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि मोठा आहे. घोणस चावली असेल तर आम्ही मूत्रपिंडावर लक्ष ठेवतो. मण्यारीची शंका असेल तर रुग्ण हसत-बोलत असला तरी रात्रभर डोळ्यांसमोरून हलू देत नाही. साप धामण होता हे खात्रीने कळले तर घाबरून अर्धमेल्या झालेल्या माणसाला धीर येतो. आणि ओळख असलेल्या गावात बिनविषारी साप काठीखाली मरत नाहीत. शेतातला उंदीर खाणारी धामण जगणे हे शेतकऱ्याच्याच फायद्याचे आहे.

हा विषय किती मोठा आहे हे सांगायला एक आकडा पुरेसा आहे. २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. आपल्या केंद्र सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले. हे काम केवळ डॉक्टरांच्या हातून होणारे नाही. त्यात गावातल्या जाणत्या माणसाचा वाटा मोठा आहे.

फसवणाऱ्या जोड्या

ओळखताना घोटाळा होतो तो बहुधा ठरावीक जोड्यांमध्ये.

पहिली जोडी मण्यार आणि कवड्या. दोन्ही रात्री फिरणारे, दोन्ही घरात शिरणारे, दोन्हींच्या अंगावर आडवे पट्टे. मण्यार चकचकीत काळी किंवा निळसर काळी असते. तिचे पांढरे पट्टे बारीक, पुष्कळदा दोन-दोनच्या जोडीने असतात. मानेकडे ते पुसट किंवा नसलेलेच, आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचा रंग तपकिरी. त्याचे पट्टे मानेजवळ ठळक व रुंद, आणि शेपटीकडे जाता जाता विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक रांग असते, ती कवड्याला नसते. ही रांग बघण्यासाठी साप हातात घेण्याची गरज नाही. चांगला फोटो मोठा करून पाहिला तरी ती दिसते. एखाद्या मोठ्या मण्यारीचे पट्टे इतके पुसट असतात की ती निव्वळ काळी वाटते, हेही ध्यानात असावे.

दुसरी जोडी घोणस आणि डुरक्या घोणस. इथे तर नावानेच घोटाळा केला आहे. डुरक्या घोणस हा बिनविषारी साप आहे, पण बोलताना पहिला शब्द गळून पडतो आणि नुसती "घोणस" उरते. खऱ्या घोणशीच्या अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत लंबगोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या असतात. डोके त्रिकोणी, मान वेगळी दिसणारी. डिवचली तर ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा, लांब फुत्कार टाकते. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, डोळे बारीक, मान न दिसणारी आणि शेपूट एकदम आखूड. आपल्याकडची जुनी माणसे खऱ्या घोणशीला "परड" म्हणतात. हेही नाव ऐकून घ्यावे. पुस्तकातले नाव म्हातारबाबांना ठाऊक नसेल, म्हणून त्यांना साप ठाऊक नाही असे होत नाही.

तिसरी जोडी नाग आणि धामण. नाग फणा काढतो तेव्हा शंकाच राहत नाही. पण पळणारा नाग फणा काढत नाही. धामण लांब असते, सात-आठ फुटांपर्यंतही जाते. डोळे मोठे आणि ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, शेपटीने विष मारते, या गोष्टींत काही तथ्य नाही.

चौथी जोडी फुरसे आणि मांजऱ्या. फुरसे लहान, दीड फुटाच्या आतबाहेर. माळावर, दगडगोट्यांत राहणारे. डोक्यावर बाणासारखी पांढरट खूण. घाबरले की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज काढते. मांजऱ्या अंगाने बारीक व लांब, झुडपांवर चढणारा, डोके मानेपेक्षा रुंद. याचे विष सौम्य असते व माणसाला त्यापासून जिवाचा धोका नसतो.

याशिवाय विहिरीत, तळ्यात दिसणारा विरोळा म्हणजे दिवड, गांडुळासारखा दिसणारा वाळा, आणि दुतोंड्या म्हणून ओळखले जाणारे मांडूळ हे तिन्ही बिनविषारी आहेत.

सापांबरोबर इतर सरपटणाऱ्या प्राण्यांबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण त्यांचीही भीती घेऊन रुग्ण येतात. सापसुरळी विषारी नाही. सरडा विषारी नाही. घोरपड चावली तर जखम होते, ती स्वच्छ धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे, पण तिच्या चावण्याने माणूस मरत नाही. दुधात किंवा वरणात पाल पडली तर ते अन्न टाकून द्यावे, कारण पालीच्या अंगावर जंतू असतात. उलट्या-जुलाब झाले तर उपचार घ्यावेत. परंतु घरातली पाल विषारी नसते.

पारावरची अर्धी घटका

ओळखीचा वाद किती महाग पडू शकतो याचे एक उदाहरण देतो. गाव आणि नावे सांगत नाही.

श्रावणातली रात्र होती. वस्तीवरची तिशीतली एक बाई घरात जमिनीवर झोपली होती. पहाटे अडीचच्या सुमारास पोटात कळ येऊन उठली. नवऱ्याने दिवा लावला तर गोधडीखालून साप निघाला. त्याने तो मारला आणि डब्यात घालून बायकोला घेऊन निघाला. वाटेत गावच्या पारावर थांबला, कारण तिथे जवळच एक अनुभवी सर्पमित्र राहत होते. त्यांना उठवले. आवाजाने शेजारचा अकरावीतला मुलगाही आला. त्याला सापांचा नाद.

बॅटरीच्या उजेडात सर्पमित्रांनी डब्यात पाहिले आणि म्हणाले, "कवड्या हाय. काही होत न्हाई, घरी जावा." मुलगा म्हणाला, "मामा, पट्टे शेपटीकडं ठळक हायेत. मण्यार वाटलालीय." तेव्हा मामा हसले. "माझे बारा वर्षं गेलेत सापात. कालचं पोर तू, मला शिकवलालास?" जमलेली दोन-चार माणसेही हसली. मुलगा गप्प झाला. बाईला चहा पाजला. पोट दुखते ते शिळे खाल्ल्याने, असे कोणी तरी ठरवले. यात अर्धा-पाऊण तास गेला.

मग बाई म्हणाली, "डोळे उघडनात गेलेत." तेव्हा मंडळी माझ्याकडे आली. दंशाची खूण दिसत नव्हती, सूज नव्हती, दुखत नव्हते. पापण्या खाली आलेल्या, आवाज घोगरा, थुंकी गिळता येईना. मण्यारीचे चित्र याहून स्पष्ट असत नाही. मी १०८ ची गाडी बोलावली, लातूरला फोन केला आणि गाडीत सोबत बसलो. वाटेत श्वास मंदावला तेव्हा पिशवीने श्वास देत नेले. तिथे प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वासाच्या यंत्राने ती वाचली. आठवड्याने चालत घरी आली.

मण्यारीच्या विषाबद्दल इथेच सांगून टाकतो. तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. झोपेत माणूस कूस बदलतो, साप चावतो, मुंगी चावली असे वाटून माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटदुखी, उलटी, घसा दुखणे, मग पापण्या जड. विष स्नायूंना लुळे करते. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. असा रुग्ण डोळे मिटून निपचित पडतो, पण आत शुद्धीवर असू शकतो. म्हणून त्याच्या उशाशी "गेला आता" असे बोलू नये आणि श्वास देणे सोडू नये. श्वास देत राहिले तर विष उतरल्यावर तो उठून बसतो.

त्या मुलाला मी नंतर विचारले, "तू पुन्हा का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "सगळे हसले, डॉक्टरसाब. मोठ्यांपुढं किती बोलावं?" ते सर्पमित्रही वाईट माणूस नव्हेत. रात्री-अपरात्री पैसा न घेता त्यांनी शेकडो साप घरांतून काढून रानात सोडले आहेत. बाई सुखरूप आल्यावर ते स्वतः तिला बघायला गेले. चुकले ते दोन ठिकाणी. बॅटरीच्या उजेडात, मारून ठेचलेल्या सापाचे नाव त्यांनी खात्रीने सांगितले. आणि मुलाने दिलेले कारण न तपासता त्याचे वय तपासले. तिसरी चूक जमलेल्या सगळ्यांची. झोपेत असताना अंथरुणात साप सापडतो आणि बाईचे पोट दुखते, एवढ्यावरच गाडी लातूरकडे वळायला हवी होती. मग तो साप कवड्या निघाला असता तरी काय बिघडले असते?

एकमेकांना दाखवण्याची जुनी रीत

साप, पक्षी, फुलपाखरे यांची हौस आणि त्यावर सभ्यपणे बोलणे हे आपल्याकडे नवीन नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन भारतीय होते आणि दोघेही मराठी डॉक्टर : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन करणारे. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. या मंडळींचा उद्देश साधा होता. महिन्यातून एकदा जमावे, आपापल्या नोंदी एकमेकांना सांगाव्यात, सापडलेले नमुने दाखवावेत आणि एकमेकांना उत्तेजन द्यावे. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात होत. त्याच संग्रहालयाला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. १८८६ पासून त्यांचे नियतकालिक निघू लागले. पुढे फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने विषारी साप खवल्यांवरून कसे ओळखावेत याचे पुस्तक लिहिले, ते याच संस्थेने प्रसिद्ध केले. मण्यारीच्या पाठीवरच्या षट्कोनी खवल्यांची खूण त्यातही आहे. रंग फसवतो, खवले सहसा फसवत नाहीत, असा त्या पद्धतीचा अर्थ.

महाराष्ट्रात सापांविषयीची भीती कमी करण्याचे मोठे काम पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी केले. १९८० साली ते ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना दाखवायचे होते. हा प्रयोग कोणी करून पाहण्याचा नाही. पण कात्रजच्या सर्पोद्यानाने आणि त्यांच्यासारख्यांच्या व्याख्यानांनी सर्पमित्रांची एक पिढी तयार झाली, हे खरे. आपल्या जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडसारख्या लहान गावात राहून विंचूदंश आणि सर्पदंशाच्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या. विंचूदंशावरचे त्यांचे काम जगभर वाचले गेले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचा पाया म्हणजे दिसले ते लिहून ठेवण्याची सवय.

मोठा जाणकारही चुकतो

अमेरिकेत शिकागोच्या संग्रहालयात कार्ल श्मिट नावाचे सर्पतज्ज्ञ होते. त्या विषयात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. सप्टेंबर १९५७ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयाने एक आफ्रिकन साप ओळखीसाठी त्यांच्याकडे पाठवला. तो बूमस्लँग जातीचा असावा असे वाटत होते, पण खवल्यांतली एक खूण जुळेना, म्हणून तज्ज्ञही साशंक होते. साप हाताळताना तो त्यांच्या अंगठ्याला चावला. पिल्लू आहे, विष फारसे गेले नसेल, असे समजून ते घरी गेले. होणारा त्रास ते शिस्तीने कागदावर लिहीत राहिले, पण रुग्णालयात गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. साप बूमस्लँगच होता.

आयुष्य सापांत घालवलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. आपण तर हौशी माणसे. "नक्की सांगता येत नाही" हे वाक्य उच्चारण्यात कसलाही कमीपणा नाही. आम्ही डॉक्टर तर ते रोज उच्चारतो आणि मग रक्त तपासायला पाठवतो.

चर्चा कशी करावी?

साप ओळखणाऱ्या माझ्या तरुण मित्रांसाठी काही गोष्टी सुचवतो.

नाव सांगण्याआधी काय दिसले ते सांगावे. लांबी, रंग, पट्टे कुठून सुरू होतात, डोके, शेपूट, साप कुठे आणि किती वाजता दिसला. नाव चुकले तरी वर्णन दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

खात्री किती ते स्पष्ट बोलावे. "खात्री आहे", "बहुधा" आणि "सांगता येत नाही" ही तीन उत्तरे वेगवेगळी आहेत, ती एकमेकांत मिसळू नयेत. फोटो अंधुक असेल तर तसे म्हणावे.

दुरुस्त करताना कारण द्यावे. "तुला काय कळते" हे कारण नव्हे. "पट्टे शेपटीकडे ठळक आहेत" हे कारण आहे. तुमची चूक कोणी दाखवली तर त्याचे आभार मानावेत. पुढच्या वेळी तो पुन्हा बोलेल.

लहानाला आधी बोलू द्यावे. आमच्या शिक्षणाच्या काळात वॉर्डमध्ये प्राध्यापक सर्वांत नवख्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारीत. प्राध्यापक आधी बोलले की मागून सगळे "होय सर" म्हणतात, हे त्यांना माहीत होते. पारावरही हीच रीत ठेवावी.

ओळखीच्या नावाखाली सापाला त्रास देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे. फोटोसाठी गळ्यात साप घालणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. मांडूळ दिसले तर जागेची चर्चा चारचौघांत करू नये. गुप्तधनाच्या खुळ्या समजुतीपायी त्याची चोरटी विक्री होते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. कोणाला साप चावला असेल तर चर्चा बंद. आधी गाडी, मग नाव.

दंश झाल्यास

रुग्णाला धीर द्यावा आणि चालवू नये. चावलेला हात किंवा पाय मोडल्यावर फळी बांधतात तसा स्थिर ठेवावा. बांगड्या, अंगठी, जोडवी, तोडे सूज येण्याआधी काढावेत. दोरीने आवळून बांधू नये, त्याने हात-पाय सडतो. ब्लेडने कापू नये, तोंडाने चोखू नये. मिरची किंवा कडुलिंबाचा पाला खायला देऊन चव पाहण्यात, विष उतरवणाऱ्याकडे नेण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. गरज पडली तर तिथून लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा अंबाजोगाईच्या रुग्णालयात पाठवता येते.

साप मारून आणण्यासाठी थांबू नये. पकडायला गेलेला दुसरा माणूस चावून घेतो. मेलेल्या सापाचे तुटलेले डोकेही काही काळ चावू शकते. दुरून एखादा फोटो सहज मिळाला तर घ्यावा, नाही तर नाही.

रुग्णालयात डॉक्टरने लगेच इंजेक्शन दिले नाही म्हणून रागावू नये. साप बिनविषारी असू शकतो, किंवा विषारी सापानेही विष सोडलेले नसू शकते. प्रतिसर्पविषाची काहींना तीव्र ॲलर्जी होते, म्हणून विषबाधेची लक्षणे दिसली तरच ते देतात. मात्र लक्षणे नाहीत म्हणून रुग्णाला लगेच घरी नेऊ नये. २४ तास देखरेखीखाली ठेवावे.

पावसाळा आहे. जमिनीवर झोपण्याऐवजी बाजेवर झोपावे, मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचावी. सर्पदंशासाठी याहून स्वस्त प्रतिबंध नाही. रात्री बाहेर पडताना बॅटरी न्यावी. कडब्याच्या गंजीत, सरपणात, सोयाबीनच्या ढिगाखाली एकदम हात घालू नये. धान्य अंथरुणाजवळ ठेवले की उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो.

नागपंचमीला आपण भिंतीवर नाग काढतो आणि त्या दिवशी नांगर धरत नाही. सापाला असा मान देणाऱ्या गावात सापाबद्दल बोलणाऱ्या माणसालाही मान मिळायला हरकत नसावी. निदान अकरावीतल्या पोराचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. ते चुकीचे निघाले तर वाया जाते ते मिनिटभर.